एकोणीस उंबरे

आमच्या घराला उंबरा नव्हता. लग्न होऊन आले तेव्हा सगळ्यांत आधी हेच माझ्या डोळ्यांत भरलं. दुसऱ्या नव्या नवऱ्या सासरची माणसं बघतात, भांडी बघतात. मी मान खाली घालून चालत होते म्हणून मला फट दिसली. चौकट जाडजूड लाकडाची, दाराच्या फळ्या चार बोटं रुंद, कडी लोखंडी, आणि खाली जिथं दगड असायला हवा तिथं वीतभर मोकळी जागा. उंदीर, विंचू, वारा, शेजारणीची कोंबडी, ज्याला यायचं तो बिनबोभाट आत. रात्री सासूबाई त्या फटीत गोणपाटाची गुंडाळी कोंबायच्या आणि सकाळी काढून झटकायच्या.

त्या फटीचा मला एक फायदा झाला. बाहेर कोण उभं आहे ते मी पायांवरून ओळखायला शिकले. भेगाळलेल्या टाचा आणि बाहेर वळलेला अंगठा म्हणजे सासूबाई. सिमेंटनं पांढरे पडलेले पाय म्हणजे आमचे हे, गवंडी. आणि चकचकीत बूट दिसले की समजायचं, लढाई बघायला पाहुणे आलेत आणि मामंजींना हाक मारायची.

मामंजींना अख्खा गाव लढाईकाका म्हणायचा. आमच्या गावाशेजारच्या माळावर फार पूर्वी एक लढाई झाली. भर उन्हाळ्यात, एकाच दिवसात संपलेली. नदीच्या वरच्या अंगानं आली ती वरची फौज, खालच्या अंगानं आली ती खालची. कोण कुठल्या राजाची हे मामंजींना तोंडपाठ होतं, पण ते सांगायला लागले की चुलीवरचं दूध उतू जायचं, म्हणून मी वरची आणि खालची एवढंच लक्षात ठेवलं. बघायला कुणी आलं की मामंजी डोक्याला पांढरा रुमाल बांधायचे, हातात काठी घ्यायचे आणि पुढं व्हायचे. बिदागी वगैरे काही नाही. माणसं ऐकतात हीच त्यांची मिळकत.

मला लहानपणापासून विचारायची खोड. आई म्हणायची, हिच्या तोंडाला दार नाही. सासरी आले तर इथं दाराला उंबरा नाही. तिसऱ्याच दिवशी मी मामंजींना विचारलं, "मामंजी, गावातल्या जुन्या घरांना उंबरे का नाहीत?"

त्यांचा चेहरा उजळला. "वरच्या फौजेनं उपटून नेले, सूनबाई. टेकडीवर तोफा चढवायच्या होत्या. चाकांखाली घालायला दगड हवे होते."

"मग टेकडीवर दिसायला हवेत की."

"काय?"

"उंबरे. चाकांखाली घातले तर तिथंच राहिले असतील. तोफ सोडून गेले आणि उंबरे घेऊन गेले?"

मामंजी माझ्याकडे बघतच राहिले. सासूबाई स्वयंपाकघरातून ओरडल्या, "अगं, भाजी लागतेय तिकडं!" भाजी काही लागली नव्हती.

मग मी एकेक करत सगळ्या खुणा बघून घेतल्या. तोफेच्या टेकडीवर खरंच एक फुटकी तोफ होती, आणि पाठ खाजवून खाजवून गावच्या म्हशींनी ती आरशासारखी चकचकीत केली होती. सेनापतीनं घोडा बांधला ते झाड होतं. ते झाड चाळीस वर्षांपूर्वी आमच्या ह्यांच्या आजोबांनी लावलेलं, आधीचं वादळात पडलं म्हणून. मामंजी म्हणायचे, "जागा तीच आहे ना?" गोळ्यांची भोकं पडलेली भिंत होती. त्यातली तीन भोकं सासूबाईंनी दोरी बांधायला खुंट्या ठोकल्या तेव्हाची, पण पाहुणे त्यांचेही फोटो काढायचे आणि सासूबाई पदर तोंडाला लावून हसायच्या.

पण चौकातल्या दगडाला कुणी हसायचं नाही. पुरुषभर उंचीचा काळा दगड, त्यावर कोरलेलं: ‘या गावाने आपले शेवटचे पाणी तहानलेल्या शिपायांना दिले.’ लढाईच्या साली दुष्काळ होता, नदी आटली होती, गावात घोटभर पाणी उरलं होतं, तेही गावानं मरणाऱ्यांच्या तोंडात घातलं, आपली पोरं तहानलेली ठेवून. तरीही सतरा शिपाई वाचले नाहीत. हे वाक्य मामंजींनी तरुणपणी स्वतः लिहिलेलं. दगड त्यांनीच आणवला, त्यासाठी दोन वर्षं लोकांच्या पायऱ्या झिजवल्या. दगडापाशी आले की त्यांचा आवाज बारीक व्हायचा. बोटानं अक्षरांवरची धूळ पुसायचे आणि मग पुढं बोलायचे.

आणि ते सतरा शिपाई आमच्याच शेतात पुरलेले.

शेताच्या वरच्या कोपऱ्यात दोन खाटा मावतील एवढी पट्टी. तिला सतरांची जागा म्हणायचे. नांगर तिथं आला की उचलायचा, चपला काढायच्या, अनवाणी पलीकडं जायचं आणि पुन्हा नांगर टेकवायचा. मामंजींचे आजोबा, त्यांचे आजोबा, सगळे असंच करत आलेले. ट्रॅक्टर आला तरी ड्रायव्हरला आधी सांगायचं, भाऊ, तिथं वर उचल. मी पहिल्या वर्षी शेणाची पाटी घेऊन त्यावरून गेले तर मामंजी दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत.

मला मात्र त्या जागेचं एक कोडं पडलं होतं. उन्हाळ्यात सगळा माळ भाकरीसारखा करपायचा आणि त्या पट्टीवर गवत हिरवं असायचं. सकाळी पाय ठेवला तर तळव्याला गार लागायचं. एकदा म्हटलं ह्यांना, तर म्हणाले, "मेलेल्यांचं खत असेल."

"इतक्या वर्षांनी?"

"झोप आता."

आमचं पोट रोपांवर. मिरची, टोमॅटो, वांगी. शेडनेटखाली ट्रे मांडायचे, एकेका खळग्यात एकेक बी, आणि रोप वीतभर झालं की लोक येऊन घेऊन जायचे. नांगरट वर्षातून एकदाच, जनावरांच्या वैरणीपुरती. शेडचं सगळं काम माझं. गवंडीकामावरून येऊन हे मदत करायचे, पण रोपाला पाणी घालणं मी कुणाच्या हाती दिलं नाही. झारीचं तोंड किती वर धरायचं याला हात लागतो. उंचावरून घातलं तर बी उसळून बाहेर येतं.

त्या वर्षी पाऊस आदल्या सालीच दगा देऊन गेला होता. विहीर थंडी संपता संपता खरवडायला आली. मग तळ दिसला. मग तळाला भेगा पडल्या. एक दिवसाआड टँकर यायचा, घरटी तीन पिंपं. त्यात माणसं, दोन म्हशी आणि तीस हजार रोपं. मी आंघोळीचं पाणी परातीत धरून रोपांना घालायची. भांडी राखेनं घासून फडक्यानं पुसायची. टँकरवाला तरणा पोरगा, जिभेला हाड नाही. रांगेत मामंजी बादली घेऊन उभे राहिले तर म्हणाला, "काय काका, पाणी देणारं गाव ना तुमचं? मग आमच्याकडं काय मागताय?"

रांगेतले हसले. मामंजींनी बादली भरून घेतली, घरी आणून ठेवली आणि कोपऱ्यात जाऊन बसले. मला त्यांची इतकी दया आली की त्या टँकरवाल्याच्या कानाखाली वाजवावी असं वाटलं.

त्यानंतर चौथ्या दिवशी मिरचीच्या रोपांनी माना टाकल्या. दुपारी टाकल्या तर संध्याकाळी उचलतात; त्या दिवशी संध्याकाळीही उचलेनात. मी झारी ठेवली, पहार घेतली, आणि सतरांच्या जागेच्या कडेला, अगदी कडेला, चपला काढून ती जमिनीत दाबली. दोन हात गेली. बाहेर काढली तर टोकाला ओली माती. परत घातली, थोडी आतल्या बाजूला. हातभरावर दगडाला लागली, आणि आवाज आला तो भरीव दगडाचा नव्हता. रिकाम्या रांजणावर टिचकी मारावी तसा.

घरी येऊन मी ती ओली माती ताटलीत घालून मामंजींसमोर ठेवली.

"ही कुठली?" त्यांनी विचारलं. विचारताना त्यांना कळलंच होतं.

"मामंजी, तिथं पाणी आहे. मला खोदायचंय."

"नाही."

"रोपं मरतायत."

"तिथं माणसं मेलीत!" त्यांचा आवाज चढला. "माझ्या आजोबांनी मला हाताला धरून तिथं नेलं होतं. म्हणाले, इथं कुदळ लावायची नाही, कुणाला लावू द्यायची नाही. सात वर्षांचा होतो मी. आणि तू दोन दिवसांची..."

"आठ वर्षं झाली मला येऊन."

"बाबा," हे मध्ये पडले, "नुसतं कडेनं बघू या का?"

"तूही?"

सासूबाई तांदूळ निवडत होत्या. त्यांनी सूप खाली ठेवलं. "हाडं निघाली तर मी माझ्या हातानं परत माती घालीन," त्या म्हणाल्या. "पण हे शेड वाळलं तर वर्षभर या घरात काय शिजणार ते मला सांगा. सतरा जण येऊन रांधणार आहेत का?"

मामंजी उठून बाहेर गेले. त्या रात्री जेवले नाहीत. सकाळी मी केर काढत होते तर दाराच्या फटीतून त्यांचे पाय दिसले, बराच वेळ तिथंच उभे. मग दार ढकललं आणि म्हणाले, "यंत्र लावायचं नाही. हातानं खोदायचं. पहिलं हाड दिसलं की थांबायचं. आणि एक स्वच्छ चादर दे मला."

"चादर कशाला?"

"हाडं ठेवायला. मातीत टाकायची का ती?"

मी पेटीतली नवी पांढरी चादर काढून दिली. माहेराहून आणलेली, एकदाही न वापरलेली. विचारायची खोड ठीक आहे, पण खरोखर कुणाची कवटी निघाली असती तर मी काय केलं असतं कुणास ठाऊक.

हे, त्यांचा एक जोडीदार बिगारी आणि मी असे तिघं खोदायला. मामंजी कडेला स्टूल टाकून बसलेले, मांडीवर घडी केलेली चादर. सासूबाई चहा आणून देत आणि वाकून बघून जात. वरचा थर मऊ होता. गवताची मुळं लांबच लांब, दोऱ्यासारखी खाली गेलेली. मी घमेली भरून बाजूला टाकत होते, आणि प्रत्येक घमेल्यात मामंजी काठीनं माती उकरून बघायचे. एकदा एक पांढरं काहीतरी निघालं. सगळे थांबले. मामंजींनी चादर उलगडली. हे खाली बसले, हातानं माती झटकली, म्हणाले, "गोगलगायीचा शंख आहे." मामंजींनी चादरीची पुन्हा घडी घातली.

दुपारी हातभर खोलीवर कुदळ टणकन वाजली. माती बाजूला केली तर दगड. लांब, आडवा, घडीव. त्याच्या शेजारी तसाच दुसरा. तिसरा. फटींमध्ये पिवळी चिकणमाती दाबून भरलेली, इतकी घट्ट की पहारीशिवाय निघेना. ह्यांनी झाडूनं दगडाचा माथा साफ केला आणि उकिडवे बसून त्यावर हात फिरवत राहिले. मधोमध दगड झिजून खोलगट झालेला, गुळगुळीत. दोन्ही टोकांना चौकोनी खाचा.

"हा उंबरा आहे," हे म्हणाले.

बिगारी हसला, "उंबरा? शेतात?"

"ही खाच बघ. चौकटीचे उभे खांब यात बसतात. आणि हे झिजलंय ते पायांनी." त्यांनी पलीकडचा दगड पुसला. "हा पण." आणखी एक. "हा पण. बाबा, सगळे उंबरेच आहेत!"

मामंजी स्टुलावरून उठले. "फौजेनंच टाकले असतील. जाताना."

हे गवंडी. बाकी कुठल्या बाबतीत वडिलांपुढं तोंड उघडत नाहीत, पण दगडाच्या बाबतीत ऐकून घेत नाहीत. "टाकलेले दगड असे बसत नाहीत बाबा. हे रचलेत. बघा, हा थर आडवा, कडेला दिसतोय तो खालचा उभा. प्रत्येकाची झिजलेली बाजू वर. फटीत लिंपण. ज्याला नासायचंय तो असली मेहनत करत नाही. ज्यानं हे केलं त्याला एक दिवस हे नीट परत काढायचे होते."

मला राहवलं नाही. "पण झाकलंय काय?"

तिघांनी मिळून पहारींनी एक दगड तिरका केला. घामानं अंग निथळत होतं, ह्यांच्या तळहाताला फोड येऊन फुटला. तीन थर होते. तिसऱ्या थरातला दगड सरकला आणि खालून गार वारा आला. भर उन्हात, चेहऱ्यावर. ओल्या दगडाचा वास. मी एक खडा उचलला आणि त्या काळ्या फटीत सोडला. मग खालून आवाज आला. डुबुक.

"आड आहे!" मी ओरडले. "अहो, आड आहे!" आणि मला रडू फुटलं. रोपांसाठी फुटलं, का इतक्या वर्षांचं कोडं सुटलं म्हणून, ते मला सांगता येणार नाही.

संध्याकाळपर्यंत सगळे दगड बाहेर आले. एकोणीस. गावात जुनी घरं किती, हे मामंजींना विचारायची गरज नव्हती. ते पाहुण्यांना रोज सांगायचे, लढाईच्या वेळी या गावात एकोणीस घरं होती. दिवा दोरीनं खाली सोडून बघितला, विझला नाही. बांधीव आड, गोल, अरुंद, आणि चार पुरुष खाली पाणी चमकत होतं. बादली सोडून वर काढली. पाण्यात माती पडलेली, मुळांचे तुकडे तरंगत होते. गाळायला काही हवं होतं. मी इकडंतिकडं बघितलं तर सासूबाईंनी मामंजींच्या मांडीवरची चादर ओढून घेतली आणि हंड्याच्या तोंडावर बांधली. त्यांनी अडवलं नाही.

त्या संध्याकाळी रोपं पोटभर पाणी प्याली. मी झारी धरली होती आणि हे शेडच्या खांबाला टेकून बसले होते.

"मला एक कळत नाही," मी म्हटलं. "उंबरेच का? गावात काय दगडांचा तोटा होता?"

"आडाचं तोंड झाकायला एका काठावरून दुसऱ्या काठावर पोचेल असा सलग दगड लागतो. घाईच्या वेळी गावात असला दगड कुठं मिळणार? प्रत्येक दारात एक."

"म्हणजे फौज यायच्या आधी झाकला."

"हो."

"म्हणजे पाणी होतं."

मी मागं वळून बघितलं तर मामंजी शेडच्या तोंडाशी उभे होते. सगळं ऐकलं होतं त्यांनी. म्हणाले, "पाणी होतं आणि दिलं नाही." बस्स, एवढंच. आणि अंधार पडायच्या आत घराकडं चालायला लागले, काठी न घेता.

घरी सासूबाईंचं वेगळंच निघालं. मी समजत होते त्यांना आनंद होईल. त्यांनी हातातला हंडा ओट्यावर आपटला. "माझी सासू," त्या म्हणाल्या, "पोटुशी असताना नदीवरून पाणी आणायची. तेव्हा विहीर नव्हती. जाऊन येऊन दीड तास. पाचव्या महिन्यात घसरून पडली, पोर गेलं. तिच्या सासूचे केस डोक्यावरच्या घड्यानं गेले होते, टक्कल पडलं होतं बाईला. आणि आपल्या शेतात आड होता? पुरुषांना कुणाला ठाऊक नव्हतं?"

"मला नव्हतं ठाऊक," मामंजी म्हणाले.

"तुमच्या आजोबांना?"

मामंजींनी फटीकडं बघितलं. "असेल. काढायला गेले असते तर दुनियेला कळलं असतं की पाणी होतं. मेलेले शिपाई गावाच्या दारात पडले होते. मग म्हणाले असतील, तिथं माणसं पुरलीत, कुणी हात लावू नका. आणि पुढच्यांनी ते खरं धरलं. मी दगडावर कोरलं."

पुढचे आठ-दहा दिवस मामंजींनी त्या आडाच्या पाण्याला तोंड लावलं नाही. टँकर आला की बादली घेऊन रांगेत. टँकरवाला म्हणाला, "काका, तुमच्याकडं तर आड सापडला म्हणे!" त्यांनी बादली उचलली आणि घरचा रस्ता धरला. पांढरा रुमाल खुंटीला टांगलेला. दोनदा बूटवाले आले. मामंजींनी आतून सांगितलं, बरं नाही. लोक उंबरे बघायला येत होते, टेप लावून आपापल्या चौकटी मोजत होते. चौकातला चहावाला मामंजींना समजवायला आला. गिऱ्हाईक सगळं त्या दगडाच्या जिवावर. "काका, कुणाला काय पडलंय? जुना आड सापडला म्हणा. दगड कुणी टाकले माहीत नाही म्हणा. जे चाललंय ते चालू द्या."

"तू चहात पाणी कुठलं घालतोस सध्या?" मामंजींनी विचारलं.

"तुमच्याच आडाचं की. सूनबाई देतात."

मामंजी "बरं" म्हणाले आणि त्याला घालवायला दारापर्यंत गेले.

ह्यांनी आमचा उंबरा हुडकून काढला. खाचांमधलं अंतर एकोणिसांपैकी एकाचंच जुळलं, सुताचाही फरक नाही. पण मामंजी म्हणाले, "अजून बसवू नको." का, ते सांगितलं नाही. दगड दाराबाहेर भिंतीला टेकवून ठेवला होता.

मग एके सकाळी फटीतून पुष्कळ छोटे पाय दिसले. धुळीनं माखलेले, चपलांचे पट्टे तुटलेले, एकाचा मोजा घसरलेला. शाळेची सहल. पलीकडच्या गावची बाई दर वर्षी सुट्टीआधी पोरांना लढाई दाखवायला आणते. मी सांगणारच होते की बरं नाही, तेवढ्यात मामंजी मागून आले, खुंटीवरचा रुमाल काढला, झटकला आणि डोक्याला बांधला.

मी हातातली झारी तशीच ठेवली आणि मागोमाग निघाले. शेडमध्ये काम पडलं होतं, पण हा माणूस आता काय सांगणार हे ऐकल्याशिवाय मला घास गोड लागला नसता.

तोफ दाखवली. झाडापाशी म्हणाले, "हे झाड माझ्या वडिलांनी लावलंय. आधीचं पडलं." भिंतीपाशी म्हणाले, "यातली तीन भोकं आमच्या हिनं पाडलीत." पोरं हसली. बाई वहीत लिहिता लिहिता थांबली. मग चौक आला. चहावाला किटली हातात धरून बाहेर येऊन उभा राहिला. मामंजी दगडापुढं उभे राहिले. बोट अक्षरांकडं गेलं, पण धूळ पुसली नाही.

"हे मी लिहिलंय," ते म्हणाले. "हे खोटं आहे."

बाई म्हणाली, "काका?"

"मला तेव्हा माहीत नव्हतं. चला, दाखवतो."

सगळ्यांना घेऊन ते आमच्या दाराशी आले. पोरांना आत नेलं, दार लावून घेतलं आणि म्हणाले, "खाली बसा. फटीतून बाहेर बघा." मग मला हाक मारली, "सूनबाई, तू बाहेर उभी राहा." मी बाहेर उभी राहिले. माझे अनवाणी पाय त्या फटीसमोर, ऊन लागून चटके बसत होते. आतून मामंजींचा आवाज येत होता, फार मोठा नाही.

"माझ्या आजोबांचे आजोबा असेच आत बसले होते. पाणी लपवून. पोरांच्या तोंडावर हात ठेवून. बाहेर माणसं आली होती. दार वाजवत होती. दाराला उंबरा नव्हता, तो आडावर होता, म्हणून त्यांना ते पाय दिसत होते. कुणाच्या पायाला रक्त असेल, कुणाचा बूट फाटला असेल. मग ते पाय वाकले असतील, गुडघे टेकले असतील. आणि हे बघत बसले असतील. पाणी दिलं असतं तर दोन फौजांनी आड एका दिवसात कोरडा केला असता. आपली पोरं मेली असती. म्हणून मी त्यांना वाईट म्हणत नाही. पण त्यांनी दिलं नाही. हे आपण सांगायला पाहिजे."

माझ्या तोंडाला दार नाही असं आई म्हणायची. त्या वेळी मला एक शब्द सुचला नाही. माझेच पाय मला परके वाटायला लागले.

आतून एका मुलीचा आवाज आला. "मग ते सतरा जण कुठं आहेत?"

"मला माहीत नाही, बाळ. सतरा होते का तेही माहीत नाही."

आणि तिच्या शेजारचं कुणीतरी, अगदी हळू, बाईला म्हणालं, "बाई, तहान लागली."

बाईनं त्याला दटावलं असणार, कारण तो लगेच गप्प झाला. पण दार उघडलं. मामंजी बाहेर आले, सरळ माझ्या अंगावरून शेताकडं निघाले. पोरं त्यांच्या मागून पळत. आडापाशी त्यांनी स्वतः बादली सोडली. त्या वयात, दोरी हातावर गुंडाळत, दम लागून थांबत. हे धावले तर म्हणाले, "बाजूला हो." पहिली बादली वर आली. सासूबाईंनी तांब्या आणून दिला. मामंजी एकेका पोराच्या ओंजळीत पाणी घालत गेले. सतरा पोरं असतील की काय म्हणून मी आपली मोजली, बावीस निघाली. तीन बादल्या लागल्या. मग बाईला दिलं, चहावाला मागं मागं आला होता, त्यालाही दिलं.

शेवटी तांब्यात घोटभर उरलं. मामंजींनी ते पाणी बघितलं. कुणाला द्यायचं राहिलंय का म्हणून इकडंतिकडं नजर फिरवली. मग आडाच्या काठावर बसले, रुमाल सोडला आणि स्वतः प्याले. पिऊन झाल्यावर तोंड पुसलं आणि ह्यांना म्हणाले, "दुपारी सिमेंट कालवून ठेव. उंबरा बसवून टाकू."

बसवताना उंबऱ्याची झिजलेली बाजू वर ठेवली. मी सगळ्यांत आधी पाय ठेवला तर तो त्या खोलगट भागात बरोबर बसला. आता दार लावलं की बाहेरचं काही दिसत नाही. कोण आलंय ते कळायला उठून दार उघडावं लागतं.